पीयूच्या बिलात सिलिकॉन: डिकीची काच चिकटवून घेताना

बिलावर ‘पीयू ट्यूब, ३ नग’ (पीयू म्हणजे पॉलीयुरेथेन, गाडीची काच चिकटवायचा रबरी गोंद), एक वर्षाची तोंडी हमी, आणि काम पाऊण तासात तयार. गाडी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका काकूंची, साधी हॅचबॅक. डिकीची काच वरच्या कडेने सुटली होती, म्हणून चिकटवून घेतली. महिन्याभरात पहिला जोराचा पाऊस झाला आणि स्टेपनीच्या खळग्यात चार बोटं पाणी साचलं. काकू गाडी घेऊन परत गेल्या, तर दुकानदार म्हणतो, “आंटी, आपकी डिक्की का पतरा ही टेढ़ा है, माल तो कंपनी का लगाया है।”

दुसरीकडे काच उतरवली तेव्हा माल कुठला ते दिसलं. चौकटीवरची काळी पट्टी एका टोकाला धरून ओढली, तर नाडीसारखी सलग हातात आली. जमलेलं पीयू असं निघत नाही. ते टायरच्या रबरासारखं चिवट असतं, पात्याने कापावं लागतं आणि तरी खाली थर उरतोच. हे सिलिकॉन होतं, बेसिनच्या कडेला भरतात ते. काचेला ते छान धरतं. रंगवलेल्या पत्र्यावर आणि जुन्या पीयूवर मात्र त्याची पकड कच्ची. त्यात डिकी रोज आपटली जाणार.

‘३ नग’ हाही बनाव. डिकीच्या काचेचा घेर साधारण ३.३ मीटर. नळीच्या टोकाला उलट्या व्ही आकाराची खाच कापून ८ मिमी रुंद, १२ मिमी उंच असा पीयूचा तिकोनी दोर सोडतात. हिशेब केला तर जेमतेम १६० मिली भरतं, आणि पीयूची एक ट्यूब ३१० मिलीची असते. थोडं वाया गेलं तरी एकीत काम होतं. तीन ट्यूबचे पैसे देणाऱ्याने रिकाम्या तीन ट्यूब मागाव्यात, आणि त्यांवरची मुदतीची तारीखही वाचावी. जुनी झालेली ट्यूब आतच घट्ट होऊ लागते.

काम चालू असताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉनच. उघड्या पत्र्याला ते गंजवतंही. पण वास नाही म्हणजे पीयू, असं धरू नका. बिनवासाचं सिलिकॉनही मिळतं.

खरी ओळख वेळेवरून पटते. गाडीच्या काचेचं नेहमीचं पीयू हवेतल्या ओलाव्याने जमतं, आणि ते बाहेरून आत, दिवसाला साधारण ३ मिमी. “मई की धूप है, घंटे भर में पत्थर” हे ऐकायला पटतं, पण इंदूरच्या मे महिन्यातली कोरडी हवा त्याला उलट उशीर लावते. काचेला आधी अल्कोहोलने पुसायचं, काळ्या किनारीवर प्रायमर (पकड पक्की करणारा पातळ थर) लावायचा, तो डब्यावर लिहिलेली मिनिटं सुकू द्यायचा. पाऊण तासात हे सगळं बसतच नाही. प्रायमरची छोटी काळी बाटली बाहेर आलीच नाही, तर तिथेच हात धरा.

पत्र्यावरचं जुनं पीयू खरवडून लख्ख करणारा कारागीर मेहनती वाटतो, प्रत्यक्षात तो काम बिघडवत असतो. जुना थर १–२ मिमी ठेवून त्यावरच नवा दोर सोडायचा असतो. नवं पीयू जुन्या, स्वच्छ पीयूवर सर्वात चांगलं बसतं. थर सैल असेल किंवा खाली गंज असेल तरच पत्र्यापर्यंत जायचं, आणि मग गंज काढून प्रायमर. या गाडीत पात्याने तीन ठिकाणी रंग उडवून तसाच झाकला होता.

सिलिकॉनचं सगळ्यात मोठं नुकसान पुढे कळतं. त्याची न दिसणारी साय पत्र्यावर राहते आणि तिच्यावर पीयू धरत नाही. पेट्रोल-थिनरच्या बोळ्याने ती जात नाही, फक्त पसरते. चौकट घासून पुन्हा प्रायमर-रंग करावा लागला. काच मात्र ब्लेडने साफ करून वाचली. ती टफन्ड (तापवून कडक केलेली) असते. कडेला टोला बसला की सगळीचा चुरा, आणि मग “काँच ही बदलनी पड़ेगी” ऐकावं लागतं. डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या बारीक तापणाऱ्या पट्ट्या) गाडी देतानाच चालू करून दाखवा, नाहीतर तुटलेली पट्टीही ‘पहले से’ तुटलेली निघते.

नीट चिकटवल्यावर काच घसरू नये म्हणून वरून मास्किंग टेप, २४ तास डिकी उघडायची नाही, आणि एक खिडकी दोन बोटं खाली. सगळ्या काचा बंद ठेवून दार आपटलं, तर आतल्या हवेच्या दाबाने ओला दोर फाटतो.

निघालेली पट्टी काकूंनी पिशवीत घालून ठेवली आहे, पाण्याच्या फोटोंसह. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, जीएसटी क्रमांकाचं बिल असेल तर उत्तम. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे. काकूंच्या बिलावर क्रमांकाची जागा रिकामी होती, पण पैसे यूपीआयने दिले होते. आता तीच नोंद बिलाला जोडली आहे.