पुण्याच्या थंडीतला विटकरी कार्डिगन, दोन हिवाळे वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय, कारण नवीन असताना सगळेच स्वेटर छान दिसतात, खरं काय ते दहा-पंधरा धुण्यांनंतर कळतं. मी हा पुढून बटणांचा, व्ही गळ्याचा, पातळ विणीचा कार्डिगन लक्ष्मी रोडवरून आत वळलं की एका गल्लीत होजिअरीचं छोटं दुकान आहे तिथून ११५० ला घेतला, विटकरी रंगाचा, कॉटन आणि लोकर मिक्स. आणि मला तो इतका आवडलाय की ऑफिसातल्या तिघींना मी स्वतः त्या दुकानात घेऊन गेलेय.

आधी आपल्याकडच्या थंडीचं सांगते, कारण त्यावरच सगळं आहे. सकाळी साडेसातला मी सिंहगड रोडवरून गाडीवर निघते, राजाराम पुलावर नदीची हवा लागली की बोटं आखडतात, तेव्हा १०-११ डिग्री असतं, आणि त्याच दिवशी दुपारी डबा खाऊन बाहेर चक्कर मारायला गेलं तर २९-३० चं ऊन, आणि मध्ये ऑफिसचा एसी जो कुणाच्याच ताब्यात नाही. म्हणजे एकाच दिवसात तीन ऋतू. जाड, डोक्यातून घालायचे स्वेटर मी कॉलेजपासून घेत आले आणि सगळे कपाटात पडून राहिले, काढला की केस विस्कटतात, हातात धरायला जड, पर्समध्ये मावत नाही. पुण्याला पातळ आणि पुढून उघडणाराच लागतो. हा घडी करून डब्याच्या पिशवीत बसतो आणि बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या तर दुपारीही चालतो.

आता रंगाचं. मी जवळ जवळ नेव्ही घेऊन बाहेर पडणार होते, कारण नेव्ही कशावरही जातो असं आपण धरून चालतो. दुकानातले काका म्हणाले, "ताई, घालणार कशावर ते आणलंय का?" मी म्हटलं नाही. तर म्हणाले, मग आज घेऊ नका, उद्या दोन-तीन कुर्ते घेऊन या. आणि मला एकदम लक्षात आलं की आपण ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये साडी घेतल्याशिवाय कधी जातो का? आई तर पदर उलगडून काठाजवळ कापड धरून बघते, उजेडात नेऊन बघते, मग घेते. स्वेटरला मात्र आपण रिकाम्या हाताने जातो आणि काळा नाहीतर राखाडी उचलून येतो.

दुसऱ्या दिवशी तीन कुर्ते नेले. एक अजरखचा, निळा आणि विटकरी लाल. एक बारीक बुट्ट्यांचा सांगानेरी, पांढऱ्यावर पोपटी आणि गुलाबी. एक इकत, हळदी आणि काळा. काकांनी प्रत्येक कुर्ता दाराशी उजेडात नेला, त्यावर चार-पाच कार्डिगन टाकून दाखवले. ट्यूबलाइटखाली जो मरून मला आवडला होता तो बाहेर चक्क वांगी निघाला. आणि एक गोष्ट मी तिथेच शिकले, प्रिंटमध्ये जो रंग सगळ्यात जास्त आहे तो स्वेटरला घ्यायचा नाही, जो थोडा आहे तो घ्यायचा. अजरखच्या निळ्यावर निळा कार्डिगन टाकला की सगळं एकच होऊन जातं, विटकरी टाकला की प्रिंटमधल्या त्या लाल रेषा उठून दिसतात. काठाचा रंग ब्लाउजला घेतो, तेच हे. विटकरी हळदी इकतवर पण सुंदर गेला. सांगानेरीवर नाही गेला, तो कुर्ता फिकट आहे, त्याला मोतिया किंवा पिस्ता पाहिजे, ते मी मान्य करून सोडून दिलं.

विणीचं पण तसंच. माझ्याकडे वेणीच्या विणीचा एक क्रीम स्वेटर आहे, साध्या प्लेन कुर्त्यावर आणि जीन्सवर फार गोड दिसतो, पण ब्लॉक प्रिंटवर घातला की वेण्या पण बोलतात आणि बुट्ट्या पण बोलतात, बघणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. प्रिंट भरगच्च असेल तर वीण सपाट हवी. या कार्डिगनची वीण बारीक आणि सपाट आहे म्हणून तो माझ्या निम्म्या कपाटावर चालतो. लांबी कमरेच्या जरा खाली, गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्यावर बरोबर, पण त्याहून लांब अनारकली टाइपवर अर्धवट वाटतो. गाडीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ पण यात धरा हं, तो सकाळी सगळ्यात आधी दिसतो. कुर्ता प्रिंटचा असेल त्या दिवशी मी प्लेन स्कार्फ घेते, आणि कुर्ता प्लेन असेल तर लहरियाचा.

आईने हाच कार्डिगन सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला नेला, मुकुंदनगरला, काळ्या नारायणपेठ साडीवर, काठ विटकरी. संध्याकाळी सातनंतर तिथल्या मैदानावर गारठा वाढतो, तिने पदर कार्डिगनच्या वरून घेतला, आतून नाही, त्यामुळे काठ आणि स्वेटर शेजारी शेजारी आले. इतकी देखणी दिसत होती की मी फोटो काढून मावशीला पाठवला. शाल तिला दर थोड्या वेळाने सावरावी लागते, हे बरं पडलं.

कापडाबद्दल. लेबलवर नुसतं वूलमिक्स लिहिलेलं होतं, किती टक्के काही नाही, ते मला खटकलं आणि मी विचारलं. काकांनी आतल्या शिवणीतला सुटा धागा काढून काडीने जाळून दाखवला, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली. शेजारच्या ३५० वाल्या ॲक्रिलिकचा धागा जाळला तर तो वितळून कडक मणी झाला. ॲक्रिलिक वाईट नाही, रंग भडक आणि छान मिळतात, पण घाम शोषत नाही, दुपारी चिकचिक होते आणि त्यावर गोळे लवकर येतात. माझ्या या कार्डिगनवर पण आले, उजव्या खांद्याखाली, जिथे पर्सचा पट्टा घासतो तिथेच, बाकी स्वच्छ आहे.

धुताना मी गार पाण्यात रिठ्याने धुते, उलटा करून. पिळत नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबते आणि पलंगावर सपाट पसरते. पहिल्या वर्षी एकदा दोरीवर टाकला तर बाह्या दोन बोटं लांब झाल्या, ओलं कॉटन जड होतं आणि स्वतःच्या वजनाने ओढलं जातं, तेव्हापासून हँगरला पण लावत नाही, घडीच. मार्चमध्ये उन्हात घालून, कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून ठेवते, लोकर आहे म्हटल्यावर कसर लागायची भीती असते. रंग दोन वर्षांत किंचित उतरलाय पण एकसारखा उतरलाय, डाग नाहीत. एका ऑनलाइन ब्रँडचा राणी कलरचा घेतला होता तो पहिल्याच धुण्यात माझ्या पांढऱ्या सलवारीवर उतरला, त्या अनुभवानंतर मला याचं फार कौतुक वाटतं.

दुकानाच्या कमतरता पण सांगते. ट्रायल रूम नाही, कपड्यांवरूनच घालून बघायचं. ४२ च्या वर साइज मिळत नाही आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं, माझ्या मैत्रिणीला तीन रंग आवडले आणि एकही घेता आला नाही. मी काकांना तसं स्पष्ट बोलले, ते म्हणाले लुधियानाला ऑर्डर देताना सांगतो. बिल झाल्यावर बदलून देतात पण पैसे परत नाहीत. दुपारी बंद असतं, आणि गाडी लावायला जागा नाही, मंडईला लावून चालत जा किंवा स्वारगेटवरून मेट्रोने मंडई स्टेशनला उतरा.

यावर्षी मला मोतिया घ्यायचाय, त्या सांगानेरीसाठी, आणि आईला मोरपंखी, तिच्या इरकलीच्या काठावरचा. दिवाळी झाली की लगेच जाणार आहोत, कारण गेल्या वर्षी जानेवारीत गेलो तर फक्त काळा, राखाडी आणि नेव्ही उरला होता.