दोहातला पंचतारांकित मुक्काम: दहा महिने, चार फेऱ्या आणि दुपारचे तीन

परवा नणंदेच्या मुलाचा फोन आला. "मामी, लंडनला जाताना दोहात एक रात्र थांबायचा विचार आहे. पंचतारांकित हॉटेल चक्क स्वस्तात मिळतंय. घेऊ का? तुम्ही काय, आता दोहाच्या तज्ज्ञ." मी त्याला एकच विचारलं, "विमान किती वाजता उतरतंय?" तर म्हणे, ते काय बघायचं, हॉटेलला तलाव आहे, समुद्र दिसतो, खोली बेचाळीस चौरस मीटरची आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तलाव नि चौरस मीटर फोटोत दिसतात, जे दिसत नाही ते सांगते.

लेक एडिंबरोला असते. मुंबईहून तिकडे थेट विमान नाही, त्यामुळे कुठेतरी बदलणं आलंच. गेल्या ऑक्टोबरात तिच्या बाळंतपणासाठी गेलो, जानेवारीत परत आलो, मेमध्ये पुन्हा गेलो, जुलैत परत. चार वेळा दोहा. यांचे गुडघे धड नाहीत, सलग सोळा तासांचा प्रवास झेपत नाही, म्हणून वाटेत एक रात्र काढायची असं ठरवलं. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि लॉजवर उतरलो, आता एकदा चैन करू, असंही मनात होतं. दोघांचे मिळून साडेनऊ हजार, नाश्त्यासकट. आपल्या पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागला नाही, मात्र हॉटेलचं बुकिंग हातात लागतं. हे नियम बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या.

पहिली फेरी. गुरुवारी रात्री आठला पुण्याहून कॅबने निघालो. पहाटे चारचं विमान, पावणेपाचला दोहा. घड्याळ अडीच तास मागे जातं म्हणून हा आकडा असा दिसतो. झोप म्हणाल तर शून्य. मुक्काम चोवीस तासांपेक्षा मोठा, त्यामुळे सामानही ताब्यात घ्यावं लागलं. बॅगेत बाळंतिणीसाठी डिंक, हळीव, खारीक. खसखस मात्र नव्हती. आखातातून खसखस न्यायची नाही, तिथे ती अमली पदार्थात धरतात, असं जावयाने बजावलं होतं. बिनखसखशीचे डिंकाचे लाडू कसे लागतात, हा वेगळा विषय आहे.

सव्वासहाला हॉटेलात पोचलो. संगमरवर, झुंबर, उदाचा धूर. आपल्याकडे बाळाला ऊद घालतात, तिथे पाहुण्यांना घालतात. नाव तेच, वास निराळा, जास्त गोड. काउंटरवरच्या मुलीने हसून पासपोर्ट घेतले आणि हसतच सांगितलं, "चेक-इन दुपारी तीन वाजता."

मला आधी वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. सकाळचे सव्वासहा वाजले होते. लवकर खोली हवी तर तीनशे रियाल म्हणाली. तेव्हा एक रियाल म्हणजे तेवीस-चोवीस रुपये. सात हजार! साडेनऊ हजारांच्या खोलीत नऊ तास आधी शिरायला सात हजार. मी नाही म्हटलं. हे काहीच बोलले नाहीत, नुसतं गुडघ्यावर हात फिरवत राहिले. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे, पण सात हजार म्हणजे सात हजार.

मग सामान ठेवून फिरायला जाऊ म्हटलं, तर त्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी तिथे सकाळ नसतेच असं समजा. म्युझियम दुपारी दीडला उघडतं, सूक वाकिफ या जुन्या बाजारातली बहुतेक दुकानं बंद, मेट्रोसुद्धा उशिरा सुरू होते. ऑक्टोबरातही नऊनंतर बाहेर ऊन असं की फुटपाथवर माणूस दिसेना. म्हणजे आम्ही दोघं, वय मिळून एकशे एकतीस, लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्ताच्या पाच तास आधी पोचलेल्या पाहुण्यांसारखे लॉबीत.

एक गृहस्थ पितळी सुरई घेऊन फिरत होते. गहवा, म्हणजे वेलदोड्याची पिवळट, पातळ कॉफी, आणि सोबत खजूर. कप आपल्या देवघरातल्या वाटीएवढा. यांनी प्यायला की तो लगेच भरायचा. भिडेपोटी पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. सहाव्या कपाला शेजारच्या बाईंनी दाखवलं: पुरे असेल तर कप हातात धरून जरासा हलवायचा. तोंडाने नको म्हणून उपयोग नाही. ही कॉफी फुकट होती. पलीकडच्या कॅफेतली साधी दुधाची कॉफी अडतीस रियाल, जवळजवळ नऊशे रुपये, ती एक घेऊन दोघांत प्यायलो.

अकराच्या सुमारास मला डाव्या बाजूला, मोठ्या खांबाच्या मागे, एक कोच सापडला. बाकी सगळ्या कोचांना हात होते, याला नव्हते. काउंटरवरून तो दिसत नाही. यांना तिथे आडवं केलं, वर माझी शाल घातली, आणि मी पायथ्याशी राखणीला बसले. तिथेच तो मुलगा भेटला. सामान नेणाऱ्यांच्या गणवेशात, वाकून हळूच म्हणाला, "काकू, पुण्याचे काय?" दापोलीकडचा होता. वडीलही आखातातच होते म्हणे, कोकणातल्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस इकडे. त्याने दोन उशा आणून दिल्या आणि एक गोष्ट सांगितली जी कोणत्याच पॅकेजच्या पानावर नाही: "पहाटेचं विमान असेल ना काकू, तर खोली आदल्या तारखेची घ्यायची. आणि फोन करून सांगायचं, आम्ही पहाटे येतोय, खोली सोडू नका."

म्हणजे एकाऐवजी दोन रात्रींचे पैसे. म्हणजे स्वस्त पॅकेज मुळात स्वस्त नव्हतंच. हे मला बँकेत पस्तीस वर्षं काढून कळलं नाही.

खोली मिळाली तीन वीसला. खोली सुंदर होती, यात वाद नाही. समुद्र दिसत होता. पडदे बटणाने सरकत. न्हाणीघरात धुवायची नळी होती. एडिंबरोला तीन महिने काढल्यावर तिची किंमत कळते. पण पाठ टेकली ती रात्री साडेआठला उठलो. कसंबसं सूक वाकिफ गाठलं, ससाण्यांची दुकानं बघितली. ठोकळ्यांवर ओळीने बसलेले ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. करक चहा प्यायलो आणि परत. सकाळी आठचं विमान, म्हणजे पाचला हॉटेल सोडायचं. नाश्ता साडेसहाला सुरू होतो. पैसे भरलेला नाश्ता! डबा बांधून द्या म्हटलं. सफरचंद, एक पाव आणि ज्यूस. ज्यूस विमानतळावर नेऊ देत नाहीत म्हणून दारातच उभं राहून पहाटे पाचला प्यायला.

हिशेब केला: खोली तेरा तास चाळीस मिनिटं वापरली. तासाला सातशे रुपये, त्यातला बराचसा वेळ डोळे मिटलेले. विमानात बसल्या बसल्या मी एक तारा दिला.

तो तारा पुढे बदलावा लागला, तेही सांगते.

जानेवारीत परत येताना विमान रात्री साडेबाराला उतरणार होतं. इथे अजून एक खोच आहे. तिकिटावर वीस तारीख, रात्री साडेबारा असं असेल, तर खोली एकोणीसची घ्यायची. वीसची घेतलीत तर पुन्हा दुपारचे तीन. आणि एकोणीसची घेऊन कळवलं नाहीत, तर तुम्ही आलाच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला देऊन मोकळे होऊ शकतात. मी एडिंबरोहून फोन केला, दोनदा. त्याच हॉटेलात. लेक म्हणाली, आई, तिथेच का पुन्हा? आता सगळे बारकावे कळलेत, ते वाया कशाला घालवायचे?

दीडला पोचलो, पावणेदोनला खोलीत. दापोलीकरांना रात्रपाळी होती. त्यांनी दुपारी बाराऐवजी साडेचारपर्यंत खोली ठेवू दिली, एक रियाल न घेता. सकाळी नाश्त्याला आम्ही दोन तास बसलो. मधाचं अख्खं पोळं टांगलेलं, त्यातून थेंब थेंब मध खाली वाटीत. चक्क्यासारखं लबने, बाकल्याची उसळ म्हणावी असा 'फूल' नावाचा पदार्थ. हे म्हणाले, "आता ज्यूसचे पैसे वसूल झाले."

दोहाची हवा जानेवारीत आपल्या पुण्याच्या डिसेंबरासारखी. मेट्रोला दिवसाचा पास सहा रियाल. एका कॉफीच्या पैशात सहा दिवस मेट्रो! बिनचालकाची गाडी, आणि यांना सगळीकडे लिफ्ट. वेस्ट बेहून लाल मार्गाने मुशैरिब, तिथे सोनेरी मार्ग पकडून नॅशनल म्युझियम. ही २०१९ साली उघडलेली ज्याँ नूव्हेलची इमारत वाळवंटात सापडणाऱ्या वाळूच्या गुलाबासारखी, तबकड्या एकमेकींत घुसलेल्या. माणशी पन्नास रियाल दिले तेव्हा माझा चेहरा पडला होता.

पण आत मोत्यांच्या दालनात एक गालिचा आहे. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला, पंधरा लाखांच्या आसपास आखाती मोती लावलेला. मदिनेला अर्पण करायचा होता असं सांगतात. २००९मध्ये दोहातच लिलावात विकला गेला. मी काचेसमोर अर्धा तास उभी होते. आजीच्या नथीतले बसरा मोती म्हणजे याच समुद्रातले. इथल्या पाणबुड्यांनी काढायचे, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी घ्यायचे, आपल्या बायकांनी नाकात घालायचे. मग जपानी संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि १९३०च्या दशकात तो धंदा बसला. तेल त्यानंतरचं. तिथेच कळलं की १९६६पर्यंत कतारमध्ये भारतीय रुपया चालायचा. १९५९पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटाच काढत असे. हे पटकन म्हणाले, "आपण यायला उशीर केला."

या फेरीचे अकरा हजार गेले. पंधरा तास खोली, तासाला सव्वासातशेच्या वर. म्हणजे पहिल्या वेळेपेक्षा महाग! तरी मी चार तारे देते. तासाचा दर हे माप माझंच चुकलं होतं, हे कबूल.

मेमध्ये लोभ झाला. दोन रात्री, समुद्रकाठचं रिसॉर्ट, वाळवंटाची सफर. विमान संध्याकाळचं घेतलं, नऊला दोहा, दहाला खोलीत. तीनची कटकटच नाही. मुंबईहून जाणाऱ्याने हेच करावं, विमान दोन हजारांनी महाग मिळालं तरी. बाकी ती फेरी फसली. बेचाळीस अंश. गार पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी, कारण टाक्या दिवसभर तापतात. उलट पोहण्याचा तलाव यंत्राने गार केलेला. खाजगी किनारा म्हणून ज्याचे जास्त पैसे घेतले, तिथे सकाळी सातनंतर पाय ठेवता येईना.

वाळवंट मात्र बघण्यासारखं. सीलाइन किनाऱ्यापाशी गाडीच्या चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे ती वाळूत रुतत नाही, आणि मग टेकाडांवरून घसरत जायचं. यांच्यासाठी ड्रायव्हरला सावकाश म्हटलं. त्याने सावकाश नेलं, तरी मणका म्हणाला नको. शेवटी खोर अल अदैद. समुद्र वाळवंटात आत घुसलाय, पलीकडे सौदी. सूर्य कलला तशी वाळू गुलाबी झाली आणि गाडीतलं कोणी बोलेना. हे जानेवारीत करायला हवं होतं.

जुलैत हॉटेल घेतलंच नाही. विमानतळावर चार तास काढले. तिथल्या बंदिस्त बागेत झाडांखाली बसलो, पिवळ्या अस्वलाच्या पुतळ्यासमोर यांचा फोटो काढला. खर्च: एक पाण्याची बाटली. हे म्हणाले, "इथे कोणी तीन वाजेपर्यंत थांबा म्हणत नाही." मला मात्र नाश्त्याची आठवण आली.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं, जवळपास एवढंच. शांतपणे ऐकून घेतलं त्याने.

"मग उतरतोस किती वाजता?"

"पावणेपाच. पहाटे."

"वार?"

"शुक्रवार, मामी."

"पैसे भरलेस?"

"हो. परत मिळत नाहीत."

हॉटेलचं नाव विचारलं. तेच निघालं. मग म्हटलं, "लॉबीत शिरलास की डावीकडे, मोठ्या खांबाच्या मागे एक कोच आहे. त्याला हात नाहीत. शाल बरोबर ठेव."