रेडिएशनची माहिती शोधताना एकच साइट उपयोगी पडली

आईचा पोटाचा सीटी स्कॅन ठरला आणि रात्री तिने विचारलं, अगं यात रेडिएशन किती असतं, म्हणून मी मोबाईल घेऊन बसले. आधी उघडलेल्या तीन-चार साइट्सनी अक्षरशः रडकुंडीला आणलं. रेडिएशन मोजायची एककंच वेगवेगळी, एकीकडे मिलीसिव्हर्ट, दुसरीकडे मिलीग्रे, तिसरीकडे जुनं रेम, आणि १ सिव्हर्ट म्हणजे १०० रेम एवढी साधी ओळ कुठेच नाही! एका ठिकाणी तर खरं उत्तर मोठ्या पीडीएफमध्ये, तेही मोबाईलवर झूम करून करून वाचायचं. घाबरलेला माणूस हे वाचणारे का?

मग रेडिऑलॉजीइन्फो सापडली. अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टच्या दोन संस्था मिळून चालवतात. इथे डोसचा तक्ता आहे आणि आकड्याशेजारीच तुलना दिलीये, म्हणजे छातीचा एक्स-रे ०.१ मिलीसिव्हर्ट, निसर्गातून आपल्याला १० दिवसांत मिळतं तेवढं. पोट आणि ओटीपोटाचा सीटी साधारण ७.७, म्हणजे अडीच वर्षांहून थोडं जास्त. आईला मिलीसिव्हर्ट कळलं नाही पण "दिवस" आणि "वर्षं" लगेच कळलं. हेच तर हवं असतं हो.

एक गोष्ट मात्र तिथेच ठळक लिहायला हवी, ही तुलना निसर्गातून वर्षाला साधारण ३ मिलीसिव्हर्ट मिळतं असं धरून केलीये. जगाची सरासरी २.४ धरली तर तोच एक्स-रे १५ दिवसांचा होतो. फरक घाबरण्यासारखा नाही, पण दुसऱ्या साइटवर वेगळा आकडा दिसला की माणूस गोंधळतो आणि मग कशावरच विश्वास ठेवत नाही.

तपासणीच्या पानांची मांडणी छान, तयारी काय करायची, दुखतं का, फायदे काय, धोके काय, सगळं प्रश्नांच्या रूपात. एमआरआय आणि सोनोग्राफीत असलं रेडिएशन नसतंच हेही स्पष्ट दिलंय. माझं म्हणणं एवढंच की गरोदर बायका आणि लहान मुलं यांची माहिती अशा प्रत्येक साइटवर पहिल्या स्क्रीनवर पाहिजे, कारण सगळ्यात जास्त धास्ती त्यांच्याच घरी असते. आणि हे सगळं मराठीत असतं तर आईने स्वतः वाचलं असतं, मला ओळ न ओळ सांगत बसावं लागलं.

सगळं ऐकून तिने कागदावर डॉक्टरांसाठी एक प्रश्न लिहून ठेवला, "सोनोग्राफीने भागेल का?"