जुन्या आय३ लॅपटॉपमध्ये एसएसडी, रॅम, बॅटरी टाकल्यावर: आठ महिन्यांचा अनुभव

आय३-६००६यू प्रोसेसर, ४ जीबी डीडीआर४ रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, १३६६ × ७६८ चा १५.६ इंची स्क्रीन. २०१७-१८ मध्ये तीस हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या लॅपटॉपचं हे ठरलेलं ताट होतं. झाकणावर नाव कोणतंही असो, आत वाढलेलं हेच. अशाच एका लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क), ८ जीबीची जादा रॅम आणि नवी बॅटरी टाकल्याला आता आठ महिने झाले. वापर रोजचा: ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, एक्सेल, मराठी टायपिंग, व्हिडिओ कॉल.

निकाल आधीच सांगतो. एसएसडीचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल. रॅमचे हळूहळू. बॅटरीचे अजून झालेले नाहीत. आणि हा लॅपटॉप शेवटी बाद होईल तो प्रोसेसरमुळे किंवा बिजागरीमुळे, बाकी कशाने नाही.

असा लॅपटॉप रखडतो तेव्हा टास्क मॅनेजर उघडून बघा. बहुतेक वेळा सीपीयू तीस टक्क्यांवर निवांत असतो आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असते. ५४०० आरपीएमची डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला ८०-१०० एमबी देते. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून उचलाव्या लागतात. तिथे डिस्कचं हेड प्रत्येक वेळी जागा बदलतं आणि वेग सेकंदाला १ एमबीच्याही खाली येतो. स्वस्तातली साटा एसएसडी याच कामात २०-३० एमबी देते. म्हणून खोक्यावरच्या ५५० एमबीच्या आकड्याला भुलू नका. फरक पडतो तो या बारक्या वाचनाने. आधी बटण दाबल्यापासून ब्राउझर हाताशी येईपर्यंत अडीच-तीन मिनिटं जायची, आता पंचवीस सेकंद. आठ महिन्यांत हा आकडा वाढलेला नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्वस्त साटा एसएसडीत (क्रुशियल बीएक्स५००, किंग्स्टन ए४०० या वर्गातल्या) वेगळी डीरॅम चिप (हिशेब ठेवायची जलद मेमरी) नसते आणि वेगाने लिहायची राखीव जागाही मर्यादित असते. वीस-तीस जीबीची फाइल एकदम कॉपी केली की सुरुवातीचा वेग काही वेळाने कोसळतो आणि जुन्या डिस्कच्या पातळीवर येतो. हा बिघाड नाही. रोजच्या कामात ते जाणवतही नाही, फक्त ड्राइव्ह गच्च भरू देऊ नका. १५-२० टक्के जागा मोकळी हवी. म्हणून २४० जीबी घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

बसवणं अवघड नाही, पण घाई नडते. आधी बॅटरी काढा, मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. डीव्हीडी ड्राइव्ह बहुधा एकाच स्क्रूवर असतो, तो ओढून घ्या. त्याच्या खाचेत दोन-तीन बारके स्क्रू लपलेले असतात, काही मॉडेलमध्ये रबरी पायांखालीही असतात. कव्हर निघत नसेल तर स्क्रू राहिलाय असं समजा, जोर लावू नका. स्क्रू ज्या जागेचा त्याच जागी ठेवा: लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरच्या पामरेस्टवर (मनगट टेकतं त्या भागावर) कायमचा फुगवटा येतो. खाचा उघडायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड बरं. हार्ड डिस्कची पत्र्याची चौकट काढून तीच एसएसडीला लावायची असते. ती न लावता नुसती एसएसडी खुपसली की महिन्याभरात कनेक्टर सैल होतो आणि ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा निरोप येतो.

विंडोज कॉपी करत बसण्यापेक्षा कोरं टाकलेलं बरं. १ टीबीवरून ५०० जीबीवर क्लोन करायचं तर आधी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) आक्रसावी लागतात, शिवाय सहा-सात वर्षांचा कचरा सोबत येतो. मूळ लॅपटॉपबरोबर विंडोज आलं असेल तर परवान्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. तीच आवृत्ती (होम असेल तर होम) टाका, इंटरनेट लागल्यावर ती आपोआप सक्रिय होते. दुकानदार ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

रॅमचं गणित थोडं वेगळं. ४ जीबीत विंडोज १० आणि ब्राउझर मावत नाहीत, उरलेलं डिस्कवर सांडतं. एसएसडी टाकल्यावर ते सांडणं कमी टोचतं, म्हणून रॅम दुसऱ्या क्रमांकावर. विकत घेण्याआधी सीपीयू-झेड या फुकट प्रोग्रॅममध्ये मेमरीचा प्रकार बघा. २६० पिनांची डीडीआर४ आणि २०४ पिनांची डीडीआर३एल एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. दुसरा स्लॉट खरंच आहे का, हे मात्र कव्हर उघडूनच कळतं. काही मॉडेलमध्ये ४ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट असतो. ३२०० वेगाची स्टिक (रॅमची पट्टी) या प्रोसेसरवर २१३३ नेच चालते, त्यामुळे तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनल (दोन्हींमधून एकाच वेळी वाचन) मिळतं, त्याचा फायदा आतल्या ग्राफिक्सला होतो. स्टिक तीस अंशांत तिरकी घुसवून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा वाजल्या पाहिजेत. नंतर स्क्रीन काळाच राहिला तर घाबरण्याआधी स्टिक काढून परत बसवा, दहातल्या नऊ वेळा तेवढंच असतं. एक अडचण बाजाराची आहे: २०२५ च्या उत्तरार्धात डीडीआर४ चे भाव चांगलेच चढले. कंपनीतून काढलेल्या लॅपटॉपमधली वापरलेली ८ जीबी स्टिक तपासून घेतली तर तीही उत्तम. रॅम सहसा झिजत नाही.

एवढं करूनही जे सुधारलं नाही ते प्रोसेसरचं. ६००६यूमध्ये दोन कोअर आहेत आणि टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) नाही, २.० गिगाहर्ट्झ म्हणजे २.० च. व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर केली की दोन्ही कोअर संपतात, पंखा ओरडतो, आवाज तुटतो. धूसर न करता कॉल व्यवस्थित चालतो. यूट्यूबवर ६० फ्रेमचा १०८० व्हिडिओ अडखळतो, कारण यूट्यूबच्या व्हिडिओ फॉरमॅटपैकी एव्ही१ यातलं ग्राफिक्स हार्डवेअरवर उलगडतच नाही आणि व्हीपी९ अर्धवटच. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे एक्स्टेंशन टाका, मग यूट्यूब एच.२६४ या जुन्या, ग्राफिक्सला पेलणाऱ्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं आणि सीपीयूचा भार निम्म्यावर येतो. फुकटात झालेली ही सगळ्यात चांगली दुरुस्ती.

विंडोजचा प्रश्न टाळता येत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय होते. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते, हा चिप सहाव्या पिढीचा. रूफस या फुकट प्रोग्रॅमने अटी काढून विंडोज ११ टाकता येतं आणि १२ जीबी रॅमवर ते चालतंही, पण वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट हाताने टाकावं लागतं आणि मायक्रोसॉफ्ट त्याची हमी घेत नाही. नेट, मेल, लिबरऑफिस एवढंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट प्रणाली टाका, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि या लॅपटॉपवर ते विंडोजपेक्षा हलकं चालतं. मात्र श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये छपाईचं काम असेल किंवा डिजिटल सहीचं यूएसबी टोकन रोज लागत असेल, तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) लिहिलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते, तिच्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. निम्म्याच्या खाली गेली की बदला. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर आकडे बघत बसू नका, वापर थांबवा. ‘कंपॅटिबल’ बॅटरीवर ४० वॉट-तास छापलेले असतात. इथे बसवलेली पहिल्या दिवशी ३६ ची निघाली, आठ महिन्यांत २७ वर आली, आणि आता २० टक्क्यांवरून थेट बंद पडते. लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर हा खर्च वगळा. घड्याळ मागे पडून वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागल्या तर दोष वेगळा: बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय.

आता बिजागरी. घट्ट हिंज आणि पातळ प्लास्टिक ही जोडीच वाईट. पितळी नट प्लास्टिकमधून उपटले जातात आणि झाकण उघडताना एका कोपऱ्यात बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) फाकते. फाकायच्या आधी उघडलंत तर हिंजचा नट अर्धा फेरा सैल करून वर्षं निघतात. फाकल्यावर अ‍ॅरल्डाइट टिकतं काही महिने. ए पॅनल (झाकणाची पाठ), सी पॅनल (कीबोर्डभोवतीचा भाग) आणि हिंजचा जोड बदलायचा म्हटलं की मजुरी धरून तीन-चार हजार सहज जातात. तेवढे पैसे या प्रोसेसरवर घालू नयेत.

म्हणून हिंज शाबूत असेल आणि काम वरच्यासारखं असेल, तर एसएसडी टाका, परवडली तर रॅम, आणि तिथेच थांबा. हिंज गेली असेल, किंवा फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग, अभियांत्रिकीचं सॉफ्टवेअर लागणार असेल, तर एक रुपयाही घालू नका. बदलताना ‘नवा तो चांगला’ हा समज खड्ड्यात घालतो. सेलेरॉन एन४५०० चा कोरा लॅपटॉप म्हणजे पुन्हा दोन कोअर, अनेकदा सोबत ईएमएमसी (एसएसडीपेक्षा मंद, बोर्डावरच चिकटवलेली साठवण). रायझन ३ ७३२०यू बरा, पण त्यात रॅम सोल्डरच येते. ८ जीबीचा घेतला तर कायमचा ८ जीबीचाच. नव्यात किमान आय३-१२१५यू बघा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत १५ ते २० हजारांत आठव्या पिढीच्या आय५ चे थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० असे कंपनीतून आलेले लॅपटॉप मिळतात: चार कोअर, विंडोज ११ अधिकृत, बांधणी दणकट. पैसे देण्याआधी दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढा, सगळे पोर्ट आणि कीबोर्डची प्रत्येक की तपासा, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरून बघा. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड विचारला तर लॅपटॉप टेबलावर ठेवून पुढच्या दुकानात जा.