डेल्टा ग्रीन ‘नीड टु नो’ : भुतापेक्षा पंचनामा अवघड

‘डेल्टा ग्रीन’ हा भयकथेचा रोलप्लेइंग गेम आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायचा खेळ, पण टेबलावर सगळ्यात जास्त वाद होतो तो अहवालात काय लिहायचं यावर. खेळाडू अमेरिकी सरकारचे नोकरदार असतात. कुणी एफबीआयमध्ये, कुणी सीडीसीत साथरोगतज्ज्ञ, कुणी माजी सैनिक. मूळ नोकरी सांभाळून, वरिष्ठांना थापा मारून ही मंडळी डेल्टा ग्रीन या गुप्त संघटनेसाठी अशा प्रकरणांवर जातात जी मुळात घडलीच नाहीत असं जगाला वाटायला हवं. राक्षस मेला तरी प्रेत उरतंच. त्याचं काय करायचं?

हे विश्व पहिल्यांदा 1992 मध्ये ‘दि अनस्पीकेबल ओथ’ या नियतकालिकातून आलं आणि 1997 मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ या दुसऱ्या भय-गेमची पुरवणी म्हणून पुस्तकरूपात. आता तो आर्क ड्रीम पब्लिशिंगचा स्वतंत्र गेम आहे. खेळाडूंचं ‘एजंट्स हँडबुक’ 2016 चं, गेम चालवणाऱ्याचं ‘हँडलर्स गाइड’ 2018 चं. ‘नीड टु नो’ ही त्याची शिकाऊ आवृत्ती, पीडीएफ फुकट मिळते. त्यात चालण्यापुरते नियम, सहा तयार एजंट (खेळाडूंची पात्रं) आणि ‘लास्ट थिंग्ज लास्ट’ नावाची एक मोहीम आहे. गेम चालवणाऱ्याला इथे हँडलर म्हणतात.

नियम शिकायला अर्धा तास पुरतो. सगळं टक्क्यांवर आहे: दोन दहा-बाजू फासे टाका (एक दशकाचा, एक एककाचा), कौशल्याच्या आकड्याइतकं किंवा खाली आलं की जमलं. जोडअंक आला की निकाल टोकाचा. फायरआर्म्स (बंदुकीचं कौशल्य) 50 टक्के असताना 44 पडले तर जबरदस्त यश, 66 पडले तर पुरता बोजवारा. नवे हँडलर हमखास चुकतात ते प्रत्येक गोष्टीला फासे टाकायला लावून. कागदपत्रं वाचायला, कुलूप निरखायला फासे नकोत. कौशल्य पुरेसं असेल तर माहिती थेट द्यावी. फासे फक्त घाई, धोका किंवा गोंधळ असेल तेव्हा. हे पाळलं नाही तर सरासरी 40 टक्क्यांचे एजंट दर दोन मिनिटांनी नापास होतात आणि भयाचं प्रहसन होतं.

बंदुकांच्या बाबतीत गेम निर्दय आहे आणि ते योग्यच आहे. मोठ्या हत्यारांना ‘लेथॅलिटी’ असते. समजा ती 10 टक्के आहे. फाशांवर 10 किंवा कमी आलं की माणूस जागीच गेला. 37 आले तर वाचला म्हणावं, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून 10 हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, जातात (शून्य आलं तर ते दहा धरायचं). साधारण एजंटकडे असतात दहा-बारा. दोन किंवा कमी उरले की शुद्ध जाते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या सवयीने दारात उभं राहून गोळीबार करणाऱ्यांना हे पहिल्याच फेरीआधी सांगावं, नंतर रुसवे नकोत.

गेमचा खरा जीव मात्र ‘बाँड’ या नियमात आहे. प्रत्येक एजंटची दोन-चार नाती असतात: बायको, मुलगी, जुना मित्र, एखादा पाद्री. प्रत्येक नात्याला आकडा असतो, सुरुवातीला एजंटच्या करिश्मा या गुणाइतका. आता उदाहरण घ्या. एजंटला तळघरात नको ते दिसतं आणि सॅनिटीचे, म्हणजे मनाच्या तोलाचे, 6 गुण जाणार आहेत. एका दमात 5 किंवा जास्त गेले की तात्पुरता वेडेपणा: पळणं, झगडणं किंवा गोठून जाणं. तो टाळायला खेळाडू एका नात्यावर भार टाकून चार-बाजू फासा टाकतो, समजा 3 पडतात. इच्छाशक्तीचे 3 गुण खर्च होतात, सॅनिटीचा तोटा 6 वरून 3 वर येतो, एजंट शुद्धीवर राहतो. आणि बायकोशी असलेलं नातं 12 वरून 9 वर येतं. तिने काहीच केलेलं नाही, ती तिथे नव्हतीही.

बॅटरी वापरावी तसे खेळाडू बाँडचे गुण वापरू लागतात, तिथे नियम वाया जातो. उपाय सोपा आहे. मोहीम संपली की ज्या नात्याचा आकडा उतरला त्याचा एक छोटा प्रसंग त्याच खेळाडूकडून खेळून घ्यायचा. न उचललेला फोन, शाळेतल्या कार्यक्रमाला मारलेली दांडी, जेवताना विनाकारण चढलेला आवाज. दोन-तीन मिनिटं पुरतात. हिंसेची सवय होण्याचा नियमही असाच बोचरा आहे: भान न हरपता पुरेशा वेळा रक्त पाहिलं की पुढे हिंसेमुळे टाकायचे सॅनिटीचे फासे आपोआप जमले असं धरतात, पण करिश्मा आणि सगळी नाती कायमची उतरतात. घरच्या आयुष्याचं पूर्ण प्रकरण मात्र ‘एजंट्स हँडबुक’मध्ये आहे, त्यामुळे फुकट आवृत्तीवर मोठी मालिका चालवू नये.

‘लास्ट थिंग्ज लास्ट’ तीन-चार जणांत एका बैठकीत होते. एक निवृत्त एजंट वारलाय, त्याच्या घरातून संघटनेचा मागमूस पुसायचा, एवढंच काम. यापुढचं सांगणं म्हणजे मोहीम मारणं. हँडलरने एवढं बघावं की फ्लॅटच्या आवराआवरीत तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये; खेळाडू प्रत्येक खण उघडत बसतात आणि घाईत उरकलेला शेवट फुसका होतो. म्हातारपण आणि जोडीदाराचा मृत्यू हे विषय येतात, ते कुणाला जड जाणार असतील तर आधीच विचारून घ्यावं.

पुढच्या मोहिमा बातम्यांतून काढता येतात. मथळ्याची बातमी घेऊ नये, ताज्या दुर्घटनेतली खरी माणसं तर नकोतच. आतल्या पानावरची चार ओळींची विचित्र बातमी पकडावी आणि तीन प्रश्न विचारावे: अधिकृतपणे इथे कोणतं खातं येईल, खोटं कारण काय सांगणार, आणि त्यावर विश्वास न ठेवणारा कोण? आपल्याकडच्या खेळाडूंना अमेरिकेतलं एक सांगावं लागतं. काउंटीचा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, बहुतेक ठिकाणी निवडून आलेला असतो. अनेक ठिकाणी मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, म्हणजे कोरोनरही, निवडूनच येतो आणि तो डॉक्टर असेलच असं नाही. म्हणजे प्रेताचा दाखला मतांची काळजी असलेल्या माणसाच्या हातात! पत्रकाराच्या हाती 1966 चा माहिती स्वातंत्र्याचा कायदा आहे, आपला माहिती अधिकार 2005 चा. हँडलरने सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने 1975 मध्ये केलेली गुप्तचर यंत्रणांची चौकशी आणि सीआयएच्या एमके-अल्ट्रा या मनोनियंत्रण प्रयोगांच्या फाइली 1973 मध्ये कशा नष्ट केल्या गेल्या हे वाचून ठेवावं. कल्पनाशक्ती तिथे थिटी पडते.

मोहीम महाराष्ट्रात आणायची तर नुसती एफबीआयच्या जागी सीबीआय ठेवून भागत नाही. 1946 च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याप्रमाणे सीबीआयला राज्याची संमती लागते आणि ऑक्टोबर 2020 ते ऑक्टोबर 2022 महाराष्ट्राने सरसकट संमती काढून घेतली होती. त्या दोन वर्षांत घडणारी मोहीम रचा. सावंतवाडीच्या जंगलात जे काही असेल ते असो, एजंटांना पहिली धाप लागेल ती मंत्रालयाच्या जिन्यावर.

खरेदीचं म्हणाल तर आधी फुकट पीडीएफ, मग ‘एजंट्स हँडबुक’, आणि गट टिकला तरच ‘हँडलर्स गाइड’. ते जाडजूड आहे आणि त्यातला बराच भाग संघटनेचा काल्पनिक इतिहास आहे: 1928 चा छापा, कंबोडियात फसलेली मोहीम आणि मग 1970 मध्ये झालेली बरखास्ती, 11 सप्टेंबर 2001 नंतर पुन्हा उभी राहिलेली यंत्रणा, आणि तिच्यात जायला नकार देणारे जुने बंडखोर. वाचायला झकास, टेबलावर त्यातलं फार थोडं लागतं. खेळाडूंनी ते उघडूही नये. पीडीएफची चित्रं काळीकुट्ट आहेत, घरच्या प्रिंटरची शाई संपवतात. फक्त कॅरेक्टर शीट (पात्राच्या आकड्यांचा तक्ता) छापावी, तीही जाड कागदावर, कारण सॅनिटी, इच्छाशक्ती आणि बाँडचे आकडे इतक्यांदा खोडावे लागतात की साधा कागद फाटतो.