समुद्राचं पाणी गोडं करणारा हातपंप : एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

या पंपाला समुद्र काही करू शकत नाही. त्याला मारतं ते क्लोरीन, आपल्या नळाच्या पाण्यात रोज असतं तेच. माहितीपुस्तिकेत हे लिहिलंय, पण शेवटी शेवटी आणि मुंगीच्या अक्षरात. मी ते वाचलं होतं. ज्यांनी वाचायला हवं होतं त्या सर्व्हिस सेंटरने वाचलं नव्हतं. म्हणून हे एवढं सविस्तर लिहायला बसलोय.

पंपाची तोंडओळख करून देत नाही. एकट्याने समुद्र ओलांडायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना हे आकडे पाठच असतात: मिनिटाला तीस वेळा हापसायचं, तासाला साडेचार लिटर, वजन साडेतीन किलोच्या आत. कस्टम ड्यूटीसकट सव्वा लाखाच्या वर गेला. तेवढ्यात बरी स्कूटर येते, आणि ती हापसावी लागत नाही.

माझी बोट चोवीस फुटी, जुनी घेतलेली, मांडव्याला असते. मी कोथरूडला असतो. मधे वडखळचा ट्रॅफिक असतो. पुढच्या जानेवारीत ईशान्येचा वारा धरून मुंबईहून सेशेल्सला जायचा बेत आहे, सरळ रेघ ओढली तर साधारण १७५० सागरी मैल. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ५६ फुटी होती. चोवीस फुटांत पाणी ठेवायचं म्हणजे वन बीएचकेत लग्नाचं सामान ठेवण्यासारखं आहे.

हिशोब असा. दिवसाला शंभर मैल धरले तर अठरा दिवस. विषुववृत्ताजवळ वारा पडतो, म्हणून पंचवीस धरायचे. पिणं-स्वयंपाक मिळून रोज चार लिटर, म्हणजे शंभर लिटर. त्यावर निम्मं राखीव, म्हणजे दीडशे. पंप असेल तर राखीवातलं चाळीस लिटर कमी नेता येतं. थोडक्यात, चाळीस किलो वजन वाचवायला सव्वा लाख. वीस लिटरचे दोन जेरीकॅन किती रुपयांना येतात हे बायकोने मला त्याच दिवशी शोधून दाखवलं. तिचं गणित बरोबर आहे. फक्त टाकी फुटली किंवा टाकीत खारं पाणी शिरलं तर काय, हा प्रश्न तिच्या गणितात नाही.

पावसाळ्यात बोट काठावर काढलेली असते, म्हणून पहिली चाचणी घरी गच्चीवर. समुद्र बनवायचा म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम मीठ, वीस लिटरच्या बादलीला ७०० ग्रॅम. पुडीतल्या मिठात मोकळं राहण्यासाठी काहीबाही घातलेलं असतं, म्हणून खडेमीठ घेतलं आणि ते पाणी पंच्यातून दोनदा गाळलं. त्याआधी पाण्यातलं क्लोरीन घालवावं लागतं. घरच्या फिल्टरमधल्या कार्बनमधून पाणी काढलं आणि ओटी टेस्ट करून बघितली. गावाकडच्यांना ही टेस्ट माहीत असते: दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळाचं पाणी छान पिवळं झालं, बादलीतलं पांढरंच राहिलं. मग सुरुवात.

पहिल्या पाच मिनिटांचं पाणी टाकून द्यायचं असतं, कारण पंप पडून असताना आत जंतू धरू नयेत म्हणून भरलेलं औषध त्यात असतं. त्यानंतर जे आलं ते पिऊन बघितलं आणि खरं सांगतो, खूश झालो. फिल्टरवाला माणूस घरी येऊन मिरवतो तसलं टीडीएस मीटर लावलं, लिटरला किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं. बादलीत बुडवल्यावर त्याने एरर दाखवला, बिचाऱ्याची धाव दहा हजारांपर्यंतच. नळीतून येणारं पाणी साडेचारशे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची चांगली मर्यादा ५०० आहे. म्हणजे समुद्र आत, आणि सोसायटीच्या बोअरपेक्षा बरं पाणी बाहेर. हापसायचा जोरही वाटला होता त्याहून कमी लागतो. आतल्या पडद्यातून (मेंब्रेन, म्हणजे मीठ अडवून पाणी सोडणारी चाळणी) पाणी ढकलायला पन्नासच्या वर बार दाब लागतो, पण आत घेतलेल्या पाण्यातलं नव्वद टक्के दाबाखालीच परत फिरतं आणि बाहेर पडताना पिस्टनला मागून रेटा देतं. ही रचना ज्याने काढली त्याला नमस्कार.

घड्याळ लावून मोजलं तर तासाला साडेचार नव्हे, पावणेचारच्या आसपास पडतं. हे चालतं. कागदावरचा आकडा कुणाच्याच हाताचा नसतो. बायको म्हणाली, “एवढ्या वेळात आंघोळ होऊन कुकर लागतो.”

आता नळीबद्दल. पंपाला गोड्या पाण्याची जी नळी आहे ती बॉलपेनच्या रिफिलएवढी, पारदर्शक, आणि तिला चिमटा नाही. चिमटा नाही! खाऱ्या पाण्याच्या दोन्ही नळ्यांना वजन आहे, जाळी आहे, सगळं आहे. ज्या एका नळीसाठी हा सगळा खटाटोप, ती डब्यात वेटोळं घालून आलेली असते, त्यामुळे तिला कायम वळायचं असतं. बाटलीत घातली की हापसण्याच्या धक्क्याने वर सरकते, मान बाहेर काढते आणि सरळ बादलीत पडते. गच्चीवर हसू येतं. बोट कललेली असताना येत नाही. नळी बाहेर पडल्यावर वीस-तीस वेळा हापसेपर्यंत कळतही नाही, कारण डोळे क्षितिजावर असतात. बरं, ती समुद्राच्या पाण्यात लडबडून परत बाटलीत घातली तर? एक चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर खारं पाणी लिटरच्या बाटलीत गेलं की टीडीएस पावणेदोनशेने वाढतो. पडद्याने चारशे हापसे खाऊन जे कमावलं ते एका चमच्यात गेलं. मी कंपनीला तीन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. “आपली सूचना डिझाइन विभागाकडे पाठवली आहे” असं उत्तर आलं. मी तुळशीबागेतून कपड्यांचे चिमटे आणले. त्यातला लाकडी टिकतो, प्लास्टिकचा उन्हात तडकतो. पुढे मेडिकलच्या दुकानातून सलाईनच्या सेटचा रोलर आणला, तो सगळ्यांत बरा, पण तो नळी बंद करतो, बाटलीला धरत नाही. सध्या दोन्ही वापरतो. सव्वा लाखाच्या वस्तूत पाच रुपयांचा चिमटा न देणाऱ्या माणसाला मी एकदा भेटू इच्छितो.

गणपतीनंतर दांड्याजवळच्या सीलमधून थेंब थेंब गळायला लागलं. गॅरंटीत होता, म्हणून मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला कुरियर केला. उत्तर वेळेत आलं, पंपही वेळेत परत आला, वर ‘टेस्टेड ओके’चा स्टिकर. गळती खरोखर थांबली होती. पण पेटी उघडल्याबरोबर पोहण्याच्या तलावाचा वास. आत उरलेलं पाणी कपात काढून ओटीचे थेंब टाकले, तर पिवळंसुद्धा नाही, थेट नारिंगी. फोटो काढून ठेवला. मग पुन्हा खडेमीठ, पुन्हा बादली. टीडीएस सतराशे.

फोन लावला. “पंप कशाने धुतलात?”

“नॉर्मल सॅनिटायझेशन, सर. सगळी युनिट्स आम्ही हायपोक्लोराइटने धुऊनच देतो. हायजीन.”

“त्याच्या आत पॉलिअमाइडचा पडदा असतो. तो क्लोरीनने फाटतो.”

“सर, हायजीनसाठी आहे ते.”

हे तीनदा झालं. घरातल्या आरओमध्ये पडद्याच्या आधी कार्बनचा टप्पा असतो तो याचसाठी, हे सांगितलं. पुस्तिकेतलं ते पान पाठवलं. त्यांचं म्हणणं, मेंब्रेन ही झिजणारी वस्तू आहे, ती गॅरंटीत येत नाही. माझं म्हणणं, झिजणं वेगळं आणि मारणं वेगळं. नवीन मेंब्रेनची किंमत पंपाच्या निम्म्याच्या जवळ जाते, त्यामुळे मी पण सोडणार नव्हतो. ग्राहक आयोगाचा अर्ज भरून त्याची प्रत पाठवल्यावर त्यांचे ‘वरिष्ठ’ बोलायला आले आणि निम्म्या किमतीत मेंब्रेन द्यायचं ठरलं. निम्मी तरी का द्यायची, हा प्रश्न मला अजून पडतो. पण दिवाळी संपली होती, थंडीची खिडकी निसटत होती आणि मला समुद्रावर जायचं होतं. दिले.

इथपर्यंतचा मजकूर नोव्हेंबरातला. तेव्हा माझा निष्कर्ष असा लिहून ठेवला होता: हातपंप घेऊ नका, पैसे असतील तर १२ व्होल्टवर चालणारं यंत्र घ्या, चार अँपिअर खातं आणि आपण नुसतं बघत बसायचं. तो परिच्छेद मी खोडलाय, कारण डिसेंबर मधे आला.

मांडव्याहून निघून खांदेरीचं दीपगृह मागे टाकलं, किनाऱ्यापासून पन्नास-साठ मैल आत शिरलो आणि दक्षिणेला गोव्याच्या उंचीपर्यंत जाऊन परत फिरलो. एकटाच. पंप धक्क्याजवळ वापरायचाच नाही: तिथे गाळ आहे, आणि बोटींच्या डिझेलचा तवंग पडद्याला क्लोरीनइतकाच वाईट. मासेमारीच्या बोटी मागे पडल्या आणि पाणी निळं झालं, तेव्हा बाहेर काढला. अरबी समुद्र बऱ्याच समुद्रांपेक्षा खारट, आणि कोमट पाण्यात पडदा पाणी जास्त सोडतो तसं मीठही थोडं जास्त सोडतो. नवीन मेंब्रेनवर टीडीएस सव्वापाचशे-साडेपाचशे. चहाला कळत नाही.

पण मुद्दा विजेचा. सुकाणूची दांडी, म्हणजे टिलर, आपोआप धरायला विजेवरचा टिलर पायलट आहे, आणि एकट्या माणसाला तो जेवणाइतकाच गरजेचा. मागून लाट आली की तो सारखा कुरकुरत दांडी हलवतो आणि बॅटरी पितो. सौर पॅनेल दोन आहेत, पण दुपारनंतर वारा वायव्येकडून फिरला की शिडाची सावली बरोब्बर एका पॅनेलवर पडते. पॅनेलचा एक कोपरा झाकला तरी वीज निम्म्याच्या खाली जाऊ शकते. तिसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी ११.९ व्होल्टवर होती. जीपीएस आणि दिवे सोडून सगळं बंद केलं, टिलर दोरीने बांधला. त्या वेळी विजेवरचं पाणीयंत्र असतं तर ते एक शोभेचं खोकं झालं असतं. हातपंपाला यातलं काही माहीतच नव्हतं.

म्हणून आता मत बदललंय. रोज पहाटे वीस मिनिटं आणि सूर्य कलल्यावर वीस मिनिटं, अडीच लिटर. दुपारी अजिबात नाही, नाहीतर जितकं गाळाल तितकं घामातून जाईल. उजवा खांदा दुखतो, मग डावा दुखतो, मग सवय होते. या जातीच्या पंपाचं नाव झालं तेही असंच: १९८९ मध्ये प्रशांत महासागरात व्हेलांनी बोट फोडल्यावर बटलर दांपत्य तराफ्यावर ६६ दिवस हातपंपाच्या पाण्यावर जगलं. तिथे बॅटरीचा प्रश्नच नव्हता.

रोजच्या पाण्याचा एकमेव स्रोत म्हणून मात्र अजूनही मी त्यावर विसंबणार नाही. कारण देखभाल. वापर थांबला की उष्ण हवेत काही दिवसांत पडद्यावर जंतू धरतात, मग औषधाची पुडी कालवून आत भरून ठेवायची, पुन्हा वापरताना ती धुऊन काढायची. पुडी परदेशातून येते, तिच्यावर तारीख असते, आणि पुण्याहून मांडव्याला दर शनिवारी जाणं होईलच असं नाही. म्हणजे मधे पंप घरी आणायचा. आमच्या फ्रीजवर तो लोणच्याच्या बरणीशेजारी असतो. रोज वापरला तर काही कटकट नाही. अधूनमधून वापरणाऱ्याला हा पंप छळतो.

मांडव्याचे एक तांडेलकाका आहेत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणी पिंपात भरायचं, यंत्र खिशात ठेवायचं.” माझा बेत आता साधारण तसाच झालाय. टाकीत साठ लिटर, अडीच जेरीकॅन म्हणजे पन्नास, आणि पंप बोट सोडून पळायची वेळ आली तर उचलायच्या पिशवीत. जेरीकॅन गळ्यापर्यंत भरायचे नाहीत, वर चार बोटं हवा सोडायची आणि दोरीने बांधायचे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, बोट सोडायची वेळ आली तरी ते तरंगतात. विषुववृत्ताजवळ पाऊस असतो, शिडाखाली बादली धरली की एका सरीत पंपाची दोन दिवसांची कमाई होते. त्यामुळे पंपाची खरी गरज वाटेच्या पहिल्या अर्ध्यात, कोरड्या जानेवारीत.

घेणार असाल तर दुकानदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्या: सर्व्हिसला गेल्यावर पंप कशाने धुणार, आणि मेंब्रेन मेलं तर कुणी भरायचं. सुटं मेंब्रेन आधीच घेऊन ठेवू नका, तेही जपावं लागतं. चिमटे घ्या, डझनभर.

क्लोरीनने गेलेलं जुनं मेंब्रेन मी टाकलेलं नाही. मेहुणा वाघोलीला राहतो, त्यांच्याकडच्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस अकराशे. गंमत म्हणून ते बसवून हापसून बघितलं, तर शंभरच्या आत आलं. मेहुण्याने विचारलं, विकतोस का? दोन हजार म्हणालो. तो पंधराशेवर अडलाय, आणि पंप मात्र माझाच वापरणार म्हणतो.