येवल्याची पैठणी: गादीवर एका वेळी तीनच

लेकीच्या साखरपुड्याची पैठणी अखेर येवल्यात घेतली, एका विणकराच्या घरातल्या दुकानात. पुढे गादी, मागच्या खोलीत माग. साडी अस्सल आहे. काकांनी पदर उलटा करून दाखवला, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच. पण मला सांगायचंय ते त्यांच्या साड्या दाखवण्याच्या पद्धतीबद्दल.

आठवडाभर आधी शहरातल्या एका मोठ्या दुकानात दोन तास बसलो होतो. चाळीसेक साड्यांचा ढीग झाला. "मघाची ती जांभळी, मोराची?" "अगं, मोर हिरवीवर होते." शेवटी जी समोर उघडी असेल तीच बरी वाटू लागली. लेक रडकुंडीला आली, आम्ही हात हलवत परतलो.

इथे काकांनी आधी बजेट विचारलं, मग तीन साड्या उलगडल्या. मी चौथी मागितली. "दाखवतो ना ताई, पण ह्यांतली कुठली उचलू ते सांगा." दर वेळी हेच. नवी यायची तर एक जायची. काठाला किमतीची चिठ्ठी टाचलेली, त्यामुळे आकडेही ध्यानात ठेवायला नकोत.

मी २२ वर्षं ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. माणूस एका वेळी किती गोष्टी लक्षात ठेवू शकतो, याचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा 'सात, दोन कमी-जास्त' हा आकडा दरवर्षी फळ्यावर लिहायचे. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला: मनातल्या मनात घोकायला वाव नसेल, तर माणूस एका वेळी साधारण तेवढंच धरून ठेवतो. आणि पैठणी ही काही एक गोष्ट नव्हे. अंगाचा रंग, काठ, पदर, बुट्टी, किंमत, सगळं आलं. तीन साड्यांतच डोक्यातली जागा भरून जाते. त्या डोळ्यांसमोर असल्या की आठवण्याचं ओझं उतरतं, तुलना नीट होते. काकांनी हे गिऱ्हाइकं बघून ओळखलंय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पाऊण तासात लेकीने मुनिया काठाची रामा रंगाची निवडली. महिना झाला, एकदाही "ती दुसरी घ्यायला हवी होती" म्हणाली नाही.

एक उणीव मात्र आहे. फॉल-पिको, ब्लाउज आणि गोंड्यांचे दर तोंडी सांगतात. तिथे माझा गोंधळ झाला, दोनदा विचारावं लागलं. तेही चिठ्ठीवर लिहून द्यावेत, असं काकूंना सांगून आलेय. दिवाळीनंतर विहीणबाईंसाठी पुन्हा जाणार आहे.